अडकलेलं यंत्र आणि पुढे जाणारा हात

माझा आतेभाऊ कॅनडात असतो. मागच्या हिवाळ्यात त्याने व्हिडिओ कॉलवर अंगणातला बर्फ फेकणारं यंत्र दाखवलं, स्नो थ्रोअर. पुढचं फिरतं पातं बर्फ आत ओढतं आणि वरच्या नळीतून बाजूला फेकतं. बर्फ ओला असला की नळी तुंबते. मग इंजिन बंद करायचं, पातं पूर्ण थांबू द्यायचं आणि काठीने बर्फ काढायचा. हात कधीच घालायचा नाही. इंजिन बंद असलं तरी अडकलेल्या पात्यात ताण उरलेला असू शकतो. मोकळं होताच ते गरकन फिरतं.

"हे सगळं पाठ आहे मला," तो म्हणाला, "तरी ऑफिसला उशीर होत होता आणि हात पुढे गेलाच होता."

मला सिंदेवाहीकडचं आमचं खळं आठवलं. आपल्याकडे बर्फ नाही, पण हिवाळा म्हणजे धानाची मळणी. पुंजणे रचलेले, ट्रॅक्टरवर थ्रेशर चालू, तणीस उडतेय. दवाने ओलसर पेंढी ड्रमला गुंडाळते आणि यंत्र अडकतं. काही वर्षांपूर्वी अशाच वेळी आमच्या ओळखीतल्या एका मजुराची दोन बोटं गेली. गावाचा निवाडा तासाभरात झाला: "त्याचीच चूक. मशीन बंद कराले काय झालं होतं?"

खरंच, काय झालं होतं? थ्रेशर तासाच्या भाड्यावर होता. पुढच्या खळ्याचा मालक वाट पाहत उभा होता. ब्रह्मपुरी वनविभागाचा हा पट्टा, वाघ फिरतो, त्यामुळे अंधाराआधी सगळ्यांना घर गाठायचं होतं. घाई सगळ्यांची होती. हात मात्र एकाचाच होता.

माहीत असूनही माणूस चुकीचं का करतो, हा प्रश्न अर्जुनानेही विचारला आहे आणि अ‍ॅरिस्टॉटलनेही. आपण उत्तर बहुतेक त्या माणसाच्या मनात शोधतो: संयम नाही, लक्ष नाही. पण थ्रेशर बनवणाऱ्यांनी दुसरीकडे पाहिलं. पेंढी आत सारायचं तोंड मानकाप्रमाणे किमान ९० सेंटिमीटर लांब हवं आणि त्यातलं ४५ सेंटिमीटर वरून झाकलेलं. हेतू हाच की हात ड्रमपर्यंत पोचूच नये. माणूस कधीतरी हात घालणारच, हे त्यांनी मान्य केलं, आणि त्याला दोष देण्याऐवजी अंतर वाढवलं. १९८३ साली संसदेने धोकादायक शेतीयंत्रांसाठी कायदा केला, त्यात जखमी मजुराच्या भरपाईचीही तरतूद आहे. म्हणजे "त्याचीच चूक" हे उत्तर कायद्यालाही पुरेसं वाटलं नाही.

मग मजुराची जबाबदारी शून्य का? नाही. यंत्र बंद करणं त्याच्या हातात होतं, आणि तुम्ही-मी उद्या तिथे उभे असलो तर आधी बंदच करायला हवं. पण जबाबदारी म्हणजे भाकरी नव्हे, की एकाने घेतली म्हणजे दुसऱ्याची कमी झाली. त्याची पूर्ण राहते, आणि त्याला थांबणं महाग करणाऱ्यांचीही पूर्ण राहते. त्या दिवशी "चल लवकर" म्हणणाऱ्यांत मीही होतो. निवाडा देताना मला हे सोयीस्करपणे आठवलं नाही.

याच जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी शोधलेल्या धानाला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून 'एचएमटी' हे नाव पडलं. घड्याळाच्या नावाचा तांदूळ आपण रोज खातो. तो मळताना मात्र घड्याळ कोणाच्या बोटांवर चालतं, हे विचारत नाही.

यंदा आमच्या खळ्यावर एक गोष्ट आधीच बोलून ठेवली आहे. यंत्र अडकलं की बंद, आणि बंद असलेल्या वेळेचं भाडं आमच्या खिशातून. मजुरीतून कापायचं नाही. यामुळे कोणी संत होणार नाही. पण हात पुढे जायच्या आधी "थांब" म्हणणं कोणालाच परवडत नाही, असं तरी राहणार नाही.