सावित्रीकाठचे कागद आणि तंजावरची ठेव

पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवछत्रपतींच्या हयातीत त्यांचे चरित्र संस्कृतात रचणारा हा कवी. समाधी पोलादपुरात असली तरी ‘शिवभारता’ची पोथी हाती लागली ती थेट तंजावरला, सरस्वती महाल ग्रंथालयात. स. म. दिवेकरांनी ती संपादित केली आणि १९२७ मध्ये पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने छापली. पोथी अपुरी आहे. एकतीस अध्याय पूर्ण, बत्तिसाव्याचे नऊ श्लोक, आणि तिथे ती तुटते. पुढचे लिहायचे राहिले की लिहिलेले गेले, याबद्दल पोथी काही सांगत नाही.

महाड तालुक्यातल्या शिवथरच्या घळीत समर्थांनी दासबोध सांगितला अशी परंपरा आहे. ती घळ लोकांसमोर आणणारे शंकर श्रीकृष्ण देव धुळ्याचे. मठामठांतून त्यांनी जमवलेली रामदासी बाडे आजही धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. त्यानंतर दोन आठवड्यांत, ३ एप्रिलला बाबासाहेबांचे ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले ते मुंबईत. त्याचे अंक आज आपल्याला वाचता येतात, कारण ते कुणीकुणी जपले आणि राज्य सरकारने १९९० मध्ये ते पुन्हा छापले.

या भागात जे घडले, लिहिले गेले, त्याचे कागद टिकले ते या भागाबाहेर. ही गोष्ट मला फार दिवस बोचत आली आहे. अलीकडे ग्रंथालये, दफ्तरे आणि संग्रहालये जपण्यासाठी प्रतिष्ठानांचा आणि कंपन्यांचा पैसा उपलब्ध होऊ लागला आहे, तेव्हा तो कुठे जातो आणि कशासाठी जातो हे महाड-पोलादपुरातून पाहायला हवे असे वाटते.

आधी पाण्याबद्दल. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपुरावरून महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीला मिळते. डोंगरमाथ्यावर एका दिवसात जे कोसळते ते काही तासांत महाडच्या बाजारपेठेशी येते, आणि खाडीला त्याच वेळी भरती असली तर पाण्याला पुढे वाट मिळत नाही. २००५ च्या जुलैत असेच झाले. दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला पुन्हा तेच. महाड शहर पाण्यात होते आणि तळिये गावावर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसे गेली.

जिथे माणसे अशी गेली तिथे जुन्या कागदांचे काय घेऊन बसलात, असे कुणी विचारले तर त्याचा राग येऊ नये. प्रश्न रास्त आहे. पण त्याच पुरानंतर लोकांना पहिली धावपळ कशाची करावी लागली ते आठवावे. शिधापत्रिका, सातबारा, शाळेचा दाखला, बँकेचे पुस्तक. घर कुणाचे, जमीन कुणाची, मदत कुणाला, हे सगळे कागदावर ठरते. घरातली प्रत वाहून गेली तरी दुसरीकडे कुठेतरी नोंद होती, म्हणून माणूस पुन्हा उभा राहू शकला. ज्याची नोंद कुठेच नव्हती, त्याचा हक्क शेजाऱ्याच्या साक्षीवर आला.

चवदार तळ्याचा खटलाही मला याच अंगाने महत्त्वाचा वाटतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याच्या बोले ठरावाला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केले, ऑगस्ट १९२७ मध्ये तो ठराव मागे घेतला, आणि डिसेंबरात महाडच्या दिवाणी न्यायालयात बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ चा मार्च उजाडला. जवळजवळ दहा वर्षे चाललेल्या या लढ्याचा एक भाग रस्त्यावरचा होता, तर दुसरा सगळा पुराव्याचा. तळ्याची मालकी कुणाची, स्पृश्यांची म्हणून सांगितली जाणारी वहिवाट खरोखर किती जुनी, हे प्रश्न होते. तळे नगरपालिकेचे आहे आणि वहिवाट अनादि काळापासूनची असल्याचे शाबीत झालेले नाही, असे न्यायालयाने म्हटले. गावातले जुने कागद ही इतिहासाची हौस असणाऱ्यांपुरती बाब आहे असे मानणाऱ्याने हा एक निकाल वाचावा.

आता तंजावरकडे वळतो, कारण माझ्या म्हणण्याचे मूळ तिथे आहे. सरस्वती महालाला आजचे रूप दिले ते सरफोजी राजांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत. पण राजा जमवतो आणि पुढच्या दोन पिढ्यांत सगळे पांगते, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव. तंजावरला तसे झाले नाही. १९१८ मध्ये भोसले घराण्याने हे ग्रंथालय लोकांना अर्पण केले, आणि नुसती पुस्तके दिली नाहीत तर देखभालीसाठी एक लाख रुपये वेगळे काढून दिले. मद्रास सरकारने ५ ऑक्टोबर १९१८ च्या आदेशाने ग्रंथालय ताब्यात घेतले आणि त्याची व्यवस्था लावून दिली. त्यानंतर नऊ वर्षांनी ‘शिवभारत’ छापून बाहेर आले. पोथी देणाऱ्याने तिला वाळवीपासून वाचवणाऱ्या माणसाच्या पगाराचाही विचार केला होता. परमानंदांचा ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला त्यात विद्वानांचा वाटा मोठा आहेच, पण त्या ठेवीचाही आहे.

आज असा पैसा कोण देतो? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली राज्यातल्या मान्यताप्राप्त ग्रंथालयांना वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळते. २०२२ मध्ये त्यात ६० टक्के वाढ झाली, तरी सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाच्या वाट्याला वर्षाला ४८ हजार रुपये आले. महिन्याला चार हजार. त्यात ग्रंथपालाचे मानधन, वर्तमानपत्रे, वीज आणि नवी पुस्तके. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून पुस्तके, कपाटे, इमारत यांसाठी मदत करते आणि खेड्यापाड्यांतल्या अनेक ग्रंथालयांची कपाटे त्यामुळेच भरली आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातले जतन केंद्र टाटा ट्रस्ट्सच्या साहाय्याने माणसे तयार करते. हे चांगले चालले आहे. मात्र पोलादपूरच्या एखाद्या घरात रुमालात बांधलेले मोडी कागद असले तर त्यांच्यापर्यंत यातले काहीही आपोआप पोचत नाही.

राहता राहिल्या कंपन्या. महाडला औद्योगिक वसाहत आहे, रसायनांचे मोठे कारखाने आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात, आणि कायद्याच्या सातव्या परिशिष्टात वारसा, कला आणि सार्वजनिक ग्रंथालये यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आजूबाजूच्या भागाला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. म्हणजे दार उघडे आहे. पण आत शिरताना काय लागते? ज्या संस्थेमार्फत काम करायचे तिच्याकडे आयकराची १२-अ आणि ८०-जी नोंदणी हवी, सीएसआर-१ अर्ज भरलेला हवा, तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. शंभर वर्षांचे वाचनालय असते, चालवणारे निवृत्त शिक्षक असतात, आणि धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त बदलल्याचा अर्जच पडून असतो. अशी संस्था पहिल्याच पायरीवर बाद होते.

याहून खोल अडचण मुदतीची आहे. चालू प्रकल्प म्हटला तरी त्याला सुरू झालेले वर्ष सोडून तीन वर्षे मिळतात. आणि २०२१ पासून संस्थेच्या कायम निधीत घातलेला पैसा सामाजिक खर्च म्हणून धरलाच जात नाही. तंजावरकरांनी १९१८ मध्ये जे केले, नेमके तेच आज कंपनीला या खात्यातून करता येत नाही. नियमामागचे कारण समजते. पैसा कुठेतरी पडून राहू नये, कामाला लागावा. पण जतनाच्या कामात पडून राहिलेला पैसाच काम करतो. त्याच्या व्याजावर दर पावसाळ्याआधी कपाटे उघडली जातात.

या कामाला किती वेळ लागतो याचा अंदाज फ्लोरेन्सवरून येतो. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदी शहरात शिरली आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातले दहा लाखांहून अधिक ग्रंथ आणि कागद चिखलात गेले. जगभरातून तरुण मदतीला धावले, पैसाही आला, आणि तरी दुरुस्ती पुढे कित्येक दशके चालूच राहिली. आपल्याकडे चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. २००५ च्या पुराने त्याचे मोठे नुकसान केले. लोकांनी ते पुन्हा उभे केले, २०१३ मध्ये चिपळुणात साहित्य संमेलन भरले, आणि २०२१ मध्ये वाशिष्ठी नदी पुन्हा आत आली. चिपळूणकरांच्या जिद्दीपुढे मान लवते. पण दर सोळा वर्षांनी जिद्दीची परीक्षा घेणारी व्यवस्था चांगली म्हणता येणार नाही.

भिजलेल्या पुस्तकाचे काय होते ते जवळून पाहण्यासारखे आहे. कागद पाणी पितो आणि फुगतो. लोखंडी कपाटात दाटीने लावलेली पुस्तके इतकी फुगतात की फळ्या वाकतात. ओढून काढायला जावे तर पुठ्ठा हातात येतो आणि पाने आतच राहतात. कोकणच्या दमट हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. गुळगुळीत कागदावर छापलेली पुस्तके वाळली की पाने एकमेकांना चिकटून वीट होते, ती पुन्हा उघडत नाही. मोडी कागदांची गोष्ट वेगळी. हातकागद चिवट असतो आणि काजळाची शाई उन्हाने फिकी पडत नाही, पण त्या शाईत डिंक असतो, पाणी लागले की अक्षर पसरते. १९२० च्या दशकातल्या वर्तमानपत्रांना तर पूर लागतच नाही. लाकडाच्या लगद्याचा तो कागद स्वतःच्याच आम्लाने पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो.

यावरचे उपाय माहीत आहेत आणि फार महागडेही नाहीत. भिजलेले पुस्तक उघडायचे नाही. बाहेरचा गाळ स्वच्छ पाण्याने काढायचा, एकेक पुस्तक गुंडाळायचे आणि गोठवून टाकायचे. गोठले की बुरशी थांबते, आणि मग सवडीने, तज्ज्ञांच्या हातून ते सुकवता येते. मासळीसाठी शून्याखाली अठरा-वीस अंशांवर चालणारी शीतगृहे कोकणाला नवी नाहीत. त्यातल्या एखाद्या मालकाशी मे महिन्यातच करार करून ठेवला, स्वतंत्र जागा ठरवली, गुंडाळायचे सामान वरच्या मजल्यावर आणून ठेवले, तर पुरानंतरचे पहिले तीन दिवस वाया जात नाहीत. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नये, खळ आणि जपानी टिश्यू वापरावा, हे गावातल्या एका माणसाला नीट शिकवले तरी पुष्कळ वाचते. कंपनीला तीन वर्षांतच पैसा खर्चायचा असेल तर तिने खुशाल यावर खर्चावा. माणसे शिकवणे, संग्रह वरच्या मजल्यावर नेणे, यादी करणे, प्रती काढणे, आणि छोट्या संस्थांना नोंदणीचे कागद पूर्ण करून देणारा हिशेबनीस देणे. तीन वर्षांत होणारी कामे ही आहेत.

सगळे मूळ कागद पुण्या-मुंबईला हलवावेत, तिथे ते सुरक्षित राहतील, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मी आतापर्यंत दिलेली उदाहरणेही त्यांच्याच बाजूची वाटतील. प्रती नक्कीच बाहेर जाव्यात, एकापेक्षा अधिक ठिकाणी जाव्यात. ब्रिटिश लायब्ररीचा संकटग्रस्त दफ्तरांसाठीचा उपक्रम २००४ पासून आर्केडिया या प्रतिष्ठानाच्या पैशावर चालतो. त्यात मूळ कागद त्या त्या देशातच राहतात आणि प्रती सर्वांना मोफत पाहता येतात. ही रीत आपल्या तालुक्यांनाही लागू पडेल. मूळ मात्र शक्य तिथे इथेच राहावे. मोठ्या शहरातली संस्था अभेद्य असते असेही नाही, पुण्याच्या भांडारकर संस्थेवर ५ जानेवारी २००४ ला जमावाचा हल्ला झाला ते आपण पाहिले. आणि दुसरे असे की ज्यांच्या पूर्वजांची नावे त्या कागदांत आहेत त्यांना ते पाहायला दीडशे किलोमीटर जावे लागले तर ते जात नाहीत. मग पुढचा रुमाल माळ्यावरून खाली येत नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून दफ्तरे मिळवू शकले, कारण ते लोकांच्या ओसरीवर जाऊन बसत.

ठेव मात्र कंपनी देणार नाही, ती आपल्यालाच उभी करावी लागेल. महाड-पोलादपुरातल्या कितीतरी वाड्यांची मंडळे मुंबईत आहेत. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, पालखी, सभामंडप या मंडळांच्या वर्गणीवर होतो आणि हिशेब चोख असतो. व्यक्तीने संस्थेच्या कायम निधीला दिलेल्या देणगीला आजही आडकाठी नाही. ज्या घराण्यांकडे कागद आहेत त्यांनी कागद, ज्यांच्याकडे कागद नाहीत पण पैसा आहे त्यांनी पैसा, आणि दोन्ही तालुक्यांच्या वाचनालयांनी मिळून एक प्रशिक्षित, पूर्ण पगारी माणूस. एकट्या वाचनालयाला तो परवडणार नाही, दहा मिळून परवडेल.

महाड तालुक्यातल्याच रायगड किल्ल्याच्या जतनासाठी आणि परिसराच्या विकासासाठी सुमारे ६०० कोटींचा आराखडा मंजूर झाला, आणि २०२५ मध्ये रायगड जागतिक वारशाच्या यादीत गेला. दोन्हींचा मला मनापासून आनंद आहे. २०२७ मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे होतात, तेव्हाही मोठा निधी महाडला येईल, मंडप उभे राहतील, रस्ते होतील. त्या निधीतला थोडा भाग १९२७ चे कागद शोधण्यासाठी बाजूला काढता येईल. सत्याग्रहाला आलेल्या माणसांच्या घरी असलेली पत्रे, छायाचित्रे, परिषदेची हस्तपत्रके, नगरपालिकेची जुनी ठरावबुके, दाव्याच्या नकला. सत्याग्रहींची चौथी पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे. आजोबांनी काय सांगितले ते त्यांना आठवते, आणि पत्र्याची पेटी कुठे ठेवली आहे तेही त्यांनाच माहीत आहे. यादीचे काम पुढच्या पावसाळ्याच्या आत सुरू करता येण्यासारखे आहे.