श्रद्धा, सक्ती आणि इस्लामी शास्त्रकार

धर्माच्या बाबतीत बळजबरीला स्थान नाही, कारण सन्मार्ग आणि कुमार्ग यांतील भेद आता पुरता स्पष्ट झालेला आहे, अशा आशयाचे जे वचन कुराणाच्या ‘अल्-बकरा’ या सूरेत २५६ व्या स्थानी येते, त्याचा उल्लेख आजकाल बहुधा दोनच प्रकारच्या लोकांकडून होतो: इस्लामची सहिष्णुता एका वाक्यात सिद्ध करू पाहणाऱ्यांकडून, आणि ते वचन पुढे रद्द झाले असे सांगून तितक्याच झटपट वाद मिटवू पाहणाऱ्यांकडून. या दोघांच्या मधल्या अवकाशात जे विस्तीर्ण शास्त्र उभे आहे, ज्यात बगदाद, दमास्कस आणि मध्य आशियातील पंडितांनी आपली आयुष्ये वेचली, त्याकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. वस्तुतः या प्रश्नाचे खरे स्वरूप त्या शास्त्रातच उलगडते, आणि त्यातील विसंगतीही तेथेच, शास्त्रकारांच्या स्वतःच्या शब्दांत, उघडी पडते.

हे वचन कोणत्या प्रसंगी अवतरले याविषयी परंपरेने जतन केलेल्या कथा प्रथम पाहिल्या पाहिजेत. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात इब्न अब्बास यांच्या आधारे सांगितलेली हकीकत अशी, की इस्लामपूर्व मदीनेत ज्या स्त्रीची मुले जगत नसत ती, मूल वाचले तर त्याला यहुदी करीन, असा नवस बोलत असे, पुढे इ. स. ६२५ मध्ये बनू नजीर या यहुदी टोळीला मदीना सोडून जाण्याचा हुकूम झाला तेव्हा अशी नवसाची, आता वयात आलेली मुले त्या टोळीबरोबर निघाली, आणि इस्लाम स्वीकारलेल्या त्यांच्या जन्मदात्यांनी, आम्ही आमची मुले जाऊ देणार नाही, असा आग्रह धरला. त्यावर हे वचन आले. तबरी यांनी दिलेल्या दुसऱ्या एका कथेत शामदेशाहून तेल घेऊन आलेल्या व्यापाऱ्यांच्या सहवासात एका मदीनावासी अन्सारीचे दोन पुत्र ख्रिस्ती होऊन त्यांच्याबरोबर निघून जातात, आणि पिता पैगंबरांकडे येऊन त्यांना परत आणण्याची मागणी करतो; तेव्हाही उत्तर हेच.

या कथांची ऐतिहासिक रुजुवात करणे आज शक्य नाही, आणि ते येथे प्रयोजनही नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की दोन्ही कथांत सक्तीची इच्छा धरणारा कोणी विजेता सेनापती नाही. तो बाप आहे, ती आई आहे, आणि ज्याच्यावर सक्ती व्हावयाची तो परका नसून पोटचा मुलगा आहे. शिवाय दुसऱ्या कथेत तर प्रश्न इस्लाममध्ये येण्याचा नाहीच. मुसलमानाच्या घरातून, मदीनेसारख्या नगरीतून, दुसऱ्या धर्मात निघून जाण्याचा आहे. परंपरेने स्वतः जपून ठेवलेल्या या आठवणीचा पूर्ण अर्थ घेतला असता, तर पुढच्या धर्मशास्त्राला कदाचित निराळे वळण लागले असते. तसे घडले नाही. तबरी यांच्या कथेचा निवेदक सुद्दी हाच कथेअखेरीस सांगतो, की त्या वेळी ग्रंथधारकांशी युद्ध करण्याची आज्ञा झालेली नव्हती, आणि ती झाल्यावर हे वचन मागे पडले.

इ. स. ९२३ मध्ये बगदादेत निवर्तलेले तबरी हे स्वतः मात्र इतक्या सहजासहजी वचन रद्द मानणाऱ्यांपैकी नव्हते. दोन आज्ञा एकत्र नांदूच शकत नाहीत असे सिद्ध झाल्यावाचून पहिली निरस्त झाली असे म्हणता येत नाही, हा त्यांचा नियम. आणि येथे तसा विरोध नाही, कारण हे वचन शब्दाने व्यापक असले तरी अर्थाने विशिष्ट आहे, ते यहुदी, ख्रिस्ती, मजूसी (जरथुश्त्री) अशा, ज्यांच्याकडून जिझिया हा परधर्मीयांवरील कर स्वीकारता येतो त्यांच्याविषयी आहे, असा त्यांचा निर्णय. अरबस्थानातील मूर्तिपूजक आणि धर्मत्यागी यांच्यावर पैगंबरांनी सक्ती केली हे सर्वमान्य आहे, असे ते गृहीत धरतात. म्हणजे वचन वाचले, परंतु त्याचा प्रदेश आकसला. तबरींच्या पांडित्याविषयी पूर्ण आदर बाळगूनही असे म्हणावेसे वाटते, की राज्यविस्ताराच्या तीन शतकांनी निर्माण केलेली वस्तुस्थिती ते येथे वचनाच्या अर्थात ओतत आहेत.

त्यांच्यानंतर दोन-तीन शतकांनी याच वचनाला अगदी वेगळ्या पातळीवरून भिडणारे भाष्यकार झाले. ११४४ मध्ये निधन पावलेले ख्वारिज्मचे जमख्शरी हे मुअतजिला संप्रदायाचे, म्हणजे मानवी कर्तृत्व आणि ईश्वरी न्याय यांचा कैवार घेणाऱ्या बुद्धिवाद्यांपैकी. त्यांनी या वचनाकडे आज्ञा म्हणून न पाहता ईश्वरी योजनेचे विधान म्हणून पाहिले. ईश्वराने श्रद्धेचा व्यवहार सक्तीवर उभारलाच नाही, तो निवडीवर उभारला, असे म्हणून त्यांनी दहाव्या सूरेतील ९९ व्या वचनाकडे बोट दाखविले, ज्यात खुद्द पैगंबरांनाच असा प्रश्न केलेला आहे, की तुझ्या प्रभूने इच्छिले असते तर पृथ्वीवरील सर्वांनीच श्रद्धा ठेवली असती, मग लोकांवर जबरदस्ती करणारा तू कोण? १२१० मध्ये वारलेले फख्रुद्दीन राझी संप्रदायाने त्यांच्या विरुद्ध बाजूचे. तरीही अबू मुस्लिम आणि कफ्फाल या पूर्वीच्या भाष्यकारांच्या नावाने त्यांनी हाच युक्तिवाद आपल्या महाभाष्यात आदराने, आणि पहिल्या क्रमांकाने, नोंदविला. हे जग परीक्षेचे स्थान आहे. परीक्षार्थीचा हात धरूनच उत्तर लिहवून घेतले तर परीक्षा उरत नाही, तसे सक्तीने परीक्षेचा अर्थच नष्ट होतो. या युक्तिवादात मूर्तिपूजक कोण आणि ग्रंथधारक कोण हा भेद कोठेही येत नाही, आणि येऊही शकत नाही. मनुष्य आणि त्याचा निर्माता एवढे दोनच पक्ष त्यात आहेत.

आता भाष्यकारांकडून न्यायशास्त्रज्ञांकडे, म्हणजे काजीच्या कचेरीत ज्यांचे ग्रंथ उघडले जात त्यांच्याकडे, वळू. मक्केतील छळाच्या काळात अम्मार इब्न यासिर यांच्याकडून यातना देऊन ईश्वरनिंदा वदवून घेण्यात आली, तेव्हा अंतःकरण श्रद्धेत स्थिर असेल तर अशा उच्चाराचा दोष नाही, असा दिलासा सोळाव्या सूरेत आला, हे सर्वच शास्त्रकार जाणत होते. दमास्कसचे हंबली पंडित इब्न कुदामा, मृत्यू १२२३, यांनी त्या न्यायाची दुसरी बाजू निर्भयपणे मांडली: मुस्लिम राज्याच्या संरक्षणाखालील परधर्मीयाला, ज्याच्यावर सक्ती करण्याचा कोणालाच अधिकार नाही, बळाने मुसलमान केले तर तो मुसलमान झालाच नाही, सक्ती संपल्यावरही तो स्वेच्छेने त्या धर्मात राहिला असे दिसेल तरच त्याचे धर्मांतर ग्राह्य, आणि तो आपल्या मूळ धर्माकडे वळला तर त्याला मारता येत नाही की पुन्हा जबरदस्ती करता येत नाही. मुसलमानाकडून सक्तीने वदवलेला नकार जसा व्यर्थ, तसाच परधर्मीयाकडून सक्तीने वदवलेला स्वीकारही व्यर्थ. हंबली संप्रदाय कठोर म्हणून प्रसिद्ध असताना त्याच्याच एका आधारस्तंभाने हे लिहावे, याचे महत्त्व मोठे आहे.

हा नुसता पोथीतला न्याय नव्हता. कॉर्डोव्याचे यहुदी तत्त्ववेत्ते आणि वैद्य मूसा इब्न मैमून, ज्यांना जग मायमोनाइडिस या नावाने ओळखते, ते मुवह्हिद राजवटीच्या जुलमी अंमलातून बाहेर पडून अखेरीस मिसरदेशी स्थिरावले. तेथे अंदालुसियाहून आलेल्या एका फकीहाने, म्हणजे न्यायशास्त्रज्ञाने, हा गृहस्थ तिकडे मुसलमान झालेला होता, अशी तक्रार त्यांच्याविरुद्ध केली, आणि धर्मत्यागाचा आरोप म्हणजे प्राणावरचे संकट. इब्न अल्-किफ्ती या चरित्रकाराने सांगितल्याप्रमाणे सलाहुद्दीनचे चिटणीस काजी अल्-फाजिल यांनी, सक्तीने झालेला इस्लाम कायद्याने सिद्ध होत नाही, असे सांगून ते प्रकरण निकालात काढले. मायमोनाइडिस यांनी खरोखर बाह्यतः धर्मांतर केले होते की नाही यावर विद्वानांत मतभेद आहेत. काजींच्या निर्णयाचा आधार कोणता होता याविषयी मात्र त्या वृत्तांतात संदिग्धता नाही.

हिंदुस्थानात ज्या हनफी संप्रदायाचे न्यायशास्त्र चालत असे त्याने येथे अर्धीच वाट चालावी, ही खेदाची गोष्ट आहे. मर्गीनानी यांच्या ‘हिदाया’ या ग्रंथात, जो इकडील मदरशांतून पाठ्यग्रंथ म्हणून शतकानुशतके शिकविला गेला, सक्तीने केलेला इस्लामचा उच्चार बाह्यतः ग्राह्य मानलेला आहे. परंतु असा मनुष्य परत फिरला तर संशयाचा फायदा देऊन त्याला देहदंड करता येणार नाही, असेही तेथेच स्पष्ट म्हटले आहे. मराठी वाचकाला येथे नेताजी पालकरांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १६६७ मध्ये मोगलांच्या कैदेत मुहम्मद कुलीखान झालेला हा सरनोबत १६७६ मध्ये स्वराज्यात परतला आणि प्रायश्चित्तपूर्वक स्वधर्मात घेतला गेला. औरंगजेबाच्या दरबारातील उलेमांनी आपल्या घरचाच ग्रंथ उघडला असता तर या परत येण्याबद्दल मृत्यूची शिक्षा फर्मावण्यास त्यांना त्यात आधार सापडला नसता. १६७९ मध्ये जिझिया पुन्हा लादला गेला तेव्हा त्याच्या निषेधार्थ लिहिलेल्या, आणि शिवछत्रपतींच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, फार्सी पत्रात कुराणाचाच दाखला देऊन बादशहाला स्मरण करून दिले आहे, की तेथे ईश्वराला सकल विश्वाचा प्रभू म्हटले आहे, केवळ मुसलमानांचा नव्हे. परधर्मीय राजाने प्रतिपक्षाच्या शास्त्रावर उभे राहून त्याच्याशी वाद करावा, यात त्या शास्त्राचाही एक प्रकारे सन्मान आहे.

इथवरचा मार्ग सक्तीने आत आणण्याविषयीचा झाला. स्वेच्छेने बाहेर जाणाऱ्याच्या बाबतीत मात्र सर्व प्रमुख संप्रदायांनी देहदंड सांगितला, आणि त्यासाठी मुख्य आधार घेतला तो बुखारींच्या संग्रहातील, जो आपला धर्म बदलेल त्याला ठार करा, अशा अर्थाच्या, इब्न अब्बास यांच्याद्वारे आलेल्या हदीसचा. कुराणात धर्मत्यागाचा निषेध वारंवार येतो, परंतु त्यासाठी इहलोकीची शिक्षा कोठेही नेमून दिलेली नाही. याखेरीज स्मृतीत होती ती ६३२-३३ मधील युद्धे, ज्यांत पैगंबरांच्या निधनानंतर फुटलेल्या टोळ्यांशी खलिफा अबू बक्र लढले. त्या टोळ्यांपैकी कित्येकांनी श्रद्धा सोडलेली नव्हती, जकातीचा भरणा नाकारला होता. त्यांच्याशी लढावे की नाही याविषयी प्रथम खुद्द उमर यांनाच शंका होती. ते बंड होते, आणि बंडाचा बंदोबस्त कोणतेही राज्य करते. त्या बंडाची शिक्षा एकट्या, निःशस्त्र माणसाच्या अंतःकरणातील पालटाला लागू व्हावी, येथे धर्मशास्त्राने राज्यशास्त्राची वस्त्रे पांघरली असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत आधुनिक म्हणून बाजूस सारता येणार नाही, कारण त्याचे बीज अकराव्या शतकातील हनफी आचार्य सरख्शी यांच्याच लेखणीत आहे. लेखणीत म्हणण्यापेक्षा वाणीत म्हणणे योग्य, कारण राज्यकर्त्याची मर्जी खप्पा होऊन फर्गाणाकडील ऊजगंद येथे बंदिवासात पडले असता त्यांनी आपल्या ‘मब्सूत’ या प्रचंड ग्रंथाचा बराच भाग शिष्यांना तोंडी सांगून लिहविला. स्त्रीने धर्मत्याग केला तर तिला ठार करू नये, या अबू हनीफा यांच्या मताचे समर्थन करताना ते म्हणतात, की अश्रद्धा हे महापातक खरे, परंतु ते दास आणि त्याचा प्रभू यांमधील प्रकरण आहे आणि त्याचे फळ परलोकासाठी राखून ठेवलेले आहे. या जगात ज्या शिक्षा होतात त्या माणसांच्या हितरक्षणासाठी, आणि धर्मत्यागी पुरुषाला मारावयाचे ते तो शत्रुपक्षाचा लढवय्या होतो म्हणून. स्त्री लढत नाही, म्हणून ती वध्य नाही. ती परत येईपर्यंत तिला कोंडून ठेवावे, असे त्याच परंपरेने पुढे म्हटले, आणि तेथे परंपरेची दृष्टी पुन्हा मंदावली, हे नाकारता येत नाही. तरीही सरख्शींनी घालून दिलेला निकष एकदा मान्य केला, की जो पुरुषही लढत नाही, ज्याच्यामागे टोळी नाही की सैन्य नाही, त्याला मारण्याचे कारण त्यांच्याच तर्काने नाहीसे होते. त्याच्याही पूर्वी इब्राहीम नखई आणि सुफयान सौरी यांच्या नावावर असे मत नोंदलेले आहे, की धर्मत्याग्याला पश्चात्तापाची संधी सतत देत राहावे. जिला मुदत नाही अशी संधी देणे म्हणजे शिक्षा न करणेच होय.

विसाव्या शतकात अल्-अजहरचे शेख महमूद शल्तूत यांनी, एकेरी परंपरेने आलेल्या हदीसच्या बळावर प्राणहरणाची शिक्षा सिद्ध होते काय, आणि केवळ अश्रद्धेने कोणाचे रक्त सांडण्यास योग्य ठरते काय, हे प्रश्न उपस्थित केले; आणि १९७२ मध्ये पाकिस्तानचे निवृत्त सरन्यायाधीश एस. ए. रहमान यांनी या शिक्षेला कुराणाचा आधार नाही असे प्रतिपादणारा स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. १९४८ मध्ये मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर मतदान झाले तेव्हा सौदी अरबस्थान तटस्थ राहिले, तर पाकिस्तानचे जफरुल्ला खान यांनी धर्म बदलण्याच्या हक्काला कुराणाच्याच आधाराने पाठिंबा दिला. एकाच ग्रंथाच्या दोन वाचनांतील अंतर त्या दिवशी जगाच्या चावडीवर दिसले.

पण या वादाची किंमत पंडितांच्या सभेत नव्हे, खार्टूमच्या तुरुंगात मोजली गेली. महमूद मुहम्मद ताहा या सुदानी विचारवंताने असे प्रतिपादले होते, की मक्केतील वचनांचा स्वातंत्र्याचा संदेश हाच इस्लामचा मूळ आणि चिरंतन संदेश असून मदीनेतील विधिनियम त्या काळापुरते होते. ज्या वचनापासून आपण आरंभ केला ते मदीनेचेच असल्यामुळे ताहांची ही काटेकोर विभागणी मला पूर्णतः पटत नाही. स्वातंत्र्याचा संदेश मदीनेतही होता. १९८४ च्या अखेरीस ताहांनी, सरकारने शरियतच्या नावाने लागू केलेले कायदे मागे घ्यावेत आणि दक्षिणेकडील युद्ध थांबवावे अशी मागणी करणारे एक पत्रक काढले. मूळ खटला त्या पत्रकावरून राज्याविरुद्धच्या अपराधाचा होता, धर्मत्यागाचा ठपका अपिलात वर चढविण्यात आला, आणि १८ जानेवारी १९८५ रोजी पंचाहत्तरी ओलांडलेल्या या वृद्धाला जमावासमक्ष फाशी देण्यात आली. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते, मागे सैन्य नव्हते. सरख्शींच्या निकषावर ते एक क्षणही अपराधी ठरले नसते. १९८६ मध्ये सुदानच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निवाडा रद्दबातल ठरविला. तरीही १९९१ च्या दंडसंहितेत धर्मत्यागाचे १२६ वे कलम घालण्यात आलेच, आणि ते उठविले जाण्यास २०२० साल उजाडावे लागले.