रस्त्यावरून जाणाऱ्याचा वाटा

लंडनच्या फेन्चर्च स्ट्रीटवर एक उंच ऑफिस-इमारत उभी राहत होती. वास्तुविशारद होते नामवंत राफाएल विन्योली. उंच इमारती बहुधा सरळ वर जातात, नाहीतर निमुळत्या होत जातात. ही मात्र वर रुंद होत गेली. वरच्या मजल्यांवरून सारं शहर दिसतं, म्हणून तिथलं भाडं जास्त; आणि जिथं भाडं जास्त तिथंच जागाही जास्त, असा साधा हिशेब होता. या आकारामुळे लोक तिला ‘वॉकी-टॉकी’ म्हणू लागले.

तिची दक्षिणेकडची काचेची भिंत आत वळलेली होती. अंतर्गोल आरसा ऊन एका जागी गोळा करतो, हे शाळेत शिकवतात. मूळ आराखड्यात या बाजूला ऊन अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या होत्या, असं विन्योलींनी पुढे सांगितलं. बांधताना त्या लागल्याच नाहीत.

2013 चा उन्हाळा सरत आला होता. ऊन त्या भिंतीवर पडून खालच्या ईस्टचीप रस्त्यावर एकवटलं. तिथं उभ्या केलेल्या एका जॅग्वार गाडीचा आरसा आणि काही भाग वितळून वाकले. केशकर्तनालयाच्या दारातला गालिचा करपला. एका पत्रकाराने तर त्या उन्हात तव्यावर अंडं तळून दाखवलं. विकासकांनी गाडीच्या दुरुस्तीचे पैसे दिले, गाड्या लावायच्या तीन जागा बंद झाल्या, रस्त्यावर तात्पुरती जाळी उभारली गेली. पुढच्या वर्षी, 2014 मध्ये, त्या भिंतीवर ऊन अडवणाऱ्या पट्ट्या कायमच्या बसवल्या.

इशारा आधीच मिळाला होता. विन्योलींच्याच लास व्हेगासमधल्या व्डारा हॉटेलची भिंतही अशीच वळलेली. 2010 मध्ये तिथं जलतरण तलावाकाठी बसलेल्या पाहुण्यांनी अंग भाजल्याची तक्रार केली होती.

लंडनमध्ये भाडं भरणाऱ्याचा विचार मजल्यागणिक झाला. जो एक पैसाही देणार नव्हता, नुसता खालून चालत जाणार होता, त्याचा विचार राहून गेला. आणि शेवटी त्याच्यासाठीच बांधून झालेल्या भिंतीवर पुन्हा काम काढावं लागलं.

तात्पर्य : इमारत मालकाची असते, पण तिच्या दर्शनी भिंतीशी साऱ्या रस्त्याला जगावं लागतं. नकाशावर सही करण्यापूर्वी बांधणाऱ्याने भर दुपारी त्या रस्त्यावर उभं राहावं, आणि आपल्या भिंतीवरून परतलेलं ऊन कुणाच्या डोक्यावर पडणार, हे आधी पाहावं.