न दिसणाऱ्या रंगाची किंमत

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. न्यू जर्सीपासून फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापर्यंत आणि पश्चिमेला लुइझियानापर्यंत तो पाइनच्या रानांत, पडक्या कोठारांत, शेतांच्या कडेने आढळतो. लांबी साधारण तीन ते पाच फूट, खाणे मुख्यतः उंदरांचे, भक्ष्य मारण्याची पद्धत विळख्याची. लिनियसने १७६६ साली त्याची शास्त्रात नोंद केली. आज त्याला पँथेरोफिस गटाटस म्हणतात. त्याआधी बराच काळ तो इलाफी या प्रजातीत मोडत असे. महाराष्ट्रातला तस्करही पूर्वी त्याच प्रजातीत गणला जाई. अंगकाठी सडपातळ, चढण्यात तरबेज, उंदरांचा वैरी, इतके दोघांचे जमते. फरक असा की तस्कर रानातच राहिला आणि कॉर्न स्नेक गेल्या सहा-सात दशकांत काचेच्या पेट्यांत आणि प्लॅस्टिकच्या डब्यांत शिरून असंख्य रंगांचा झाला. या रंगांना पाळणारे ‘मॉर्फ’ म्हणतात.

मूळ साप मुळातच देखणा आहे. नारिंगी किंवा करड्या-तपकिरी अंगावर पाठभर लाल ठिपक्यांची रांग, प्रत्येक ठिपक्याला काळी किनार आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या-पांढऱ्या चौकटी. हे चित्र त्वचेतल्या तीन प्रकारच्या रंगपेशी मिळून रंगवतात. एका प्रकारच्या पेशींत काळे-तपकिरी मेलॅनिन असते, दुसऱ्यांत लाल-पिवळी द्रव्ये असतात आणि तिसऱ्यांत प्रकाश परतवणारे सूक्ष्म स्फटिक असतात. मॉर्फ म्हणजे बहुतेक वेळा या तिघांतली वजाबाकी. मेलॅनिन वगळले की उरतो लाल-नारिंगी-पांढरा ‘अ‍ॅमेल’; त्याचे डोळेही लाल, कारण बुबुळामागचे रक्त झाकायला काळे द्रव्यच नसते. लाल वगळले की उरतो काळा-करडा ‘अ‍ॅनेरी’, ज्याच्या गळ्यावर वय वाढेल तशी पिवळी झाक चढते. दोन्ही वगळले की ‘स्नो’. नावाप्रमाणे तो पांढरा मानला जातो, पण अंड्यातून निघालेले पिल्लू गुलाबी असते आणि पाठीवरचे ठिपके तिरप्या उजेडात दिसतात. रंग गेला तरी नक्षी जात नाही. ती वेगळी जनुके ठरवतात.

या उद्योगाची सुरुवात एका त्वचारोगतज्ज्ञाने केली. नॉर्थ कॅरोलायनात १९५३ साली रानात एक लाल डोळ्यांचा नर पकडला गेला. जॉर्जिया राज्यातल्या व्हाल्डोस्टा गावचे डॉ. बर्नार्ड बेक्टल यांचा पेशाच कातडीचा; माणसाच्या कोडापासून सापाच्या खवल्यांपर्यंत रंगद्रव्याचे कोडे त्यांना सारखेच ओढत असावे. त्यांनी लावलेल्या जोड्यांत त्या नरापासून साध्या माद्यांना झालेली पिल्ले सगळी साधी निघाली. पुढच्या पिढीत मात्र लाल डोळे परत आले. मेंडेलने वाटाण्यावर मांडलेला नियम सापालाही लागू पडतो, हे दाखवणारा त्यांचा निबंध १९६२ साली ‘कोपिया’ या नियतकालिकात आला. अ‍ॅनेरीला अशी एकट्या पूर्वजाची कथा नाही. नैर्ऋत्य फ्लोरिडात असे साप रानातच बऱ्यापैकी सापडतात.

मेंडेलचे गणित कळल्याशिवाय या व्यापाराचा हिशोब कळत नाही. अ‍ॅमेलचे जनुक अप्रभावी आहे. ते आई आणि बाप दोघांकडून आले तरच रंग बदलतो. एकाकडूनच आले तर पिल्लू दिसायला पूर्ण साधे, पण आत जनुक वागवणारे. अशा वाहकाला पाळणाऱ्यांच्या भाषेत ‘हेट’ म्हणतात. दोन हेट जोडीला लावले की सरासरी चारांत एक पिल्लू अ‍ॅमेल निघते. उरलेली तीन सारखीच दिसतात, पण त्यांतली दोन वाहक आणि एक कोरे. कोणते कोरे हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून ती ‘६६ टक्के हेट’ या चिठ्ठीने विकली जातात. साप काही ६६ टक्के हेट नसतो. तो एकतर वाहक असतो किंवा नसतो. टक्केवारी विकणाऱ्याच्या माहितीची असते. दोन साप शेजारी ठेवले, रंग एक, वजन एक, वय एक, तरी किमतीत फरक पडतो, तो या चिठ्ठीमुळे. गिऱ्हाईक पैसे मोजते ते न दिसणाऱ्या रंगाचे आणि विकणाऱ्याच्या वहीतल्या नोंदीचे.

दोन जनुके एकत्र आली की गणित जड होते. अ‍ॅमेल आणि अ‍ॅनेरी या दोन्हींचे वाहक असलेल्या जोडीपासून स्नो निघण्याची शक्यता सोळांत एक. नवखा मनाशी धरतो की सोळा अंड्यांत एक स्नो ठरलेलाच. प्रत्यक्षात अशा शंभर खेपांपैकी सुमारे ३६ खेपांत एकही स्नो निघत नाही. तीन जनुकांचा मेळ हवा असेल तर शक्यता चौसष्टांत एक, आणि सोळा अंड्यांच्या शंभरातल्या ७८ खेपा कोरड्या जातात. मादी प्रजननायोग्य व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, म्हणजे दोन पिढ्यांचा साधा बेतही पाच-सहा वर्षांचा. वेळ वाचवण्याचा सोपा मार्ग म्हणजे बापाला लेकीशी किंवा भावाला बहिणीशी जोडणे. तो सर्रास वापरला जातो आणि पुढच्या बऱ्याच भानगडींचे मूळ त्यातच आहे.

यादी वाढत गेली ती अशाच मेळांनी. कॅरॅमल आणि अ‍ॅमेल मिळून ‘बटर’, लॅव्हेंडर आणि अ‍ॅमेल मिळून ‘ओपल’, मेलॅनिन नुसते कमी करणारे हायपो आणि अ‍ॅनेरी मिळून ‘घोस्ट’. ठिपक्यांचा आकार बदलणारे ‘मॉटली’ आणि पाठीवर सरळ पट्टे ओढणारे ‘स्ट्राइप’ ही एकाच जनुकाची दोन रूपे. ‘टेसेरा’ मात्र प्रभावी आहे. एकाच पालकाकडून आले तरी दिसते, म्हणून त्याचा प्रसार झपाट्याने झाला. मिठाईच्या दुकानातली नावे वाटावीत इतका हा पसारा गोडमिट्ट आहे. आणि खरे सांगायचे तर त्यातला बराचसा भाग कारागिरीचा नाही, बेरजेचा आहे. जनुक ठाऊक असले आणि चिकाटी असली की कोणीही ओपल काढू शकतो.

निवडीची खरी कसोटी लागते ती जिथे एकच जनुक हाताशी नसते तिथे. ओकिटी हे त्याचे उत्तम उदाहरण. साउथ कॅरोलायनातल्या जॅस्पर काउंटीतल्या ओकिटी शिकार क्लबच्या परिसरातले साप विशेष उजळ असतात. अंग भडक नारिंगी, ठिपके गडद लाल आणि भोवती रुंद, कोळशासारखी काळी किनार. न्यू यॉर्कमधल्या स्टेटन आयलंड प्राणिसंग्रहालयाचे कार्ल कॉफेल्ड यांनी १९५७ च्या आपल्या पुस्तकात या भागातल्या सापांचे वर्णन केले आणि सर्पप्रेमींची तिथे रीघ लागली. आजचा पेटीतला ओकिटी मात्र रानातल्यापेक्षा कितीतरी ठसठशीत आहे. दर पिढीत सर्वांत रुंद किनारीची पिल्ले ठेवायची, बाकीची विकायची, हे वर्षानुवर्षे केले तेव्हा ती किनार तेवढी जाड झाली. यात चिठ्ठी नाही, टक्केवारी नाही. उपयोगी पडते ती नजर. शिवाय नजरेलाही थांबावे लागते, कारण पिल्लू जन्मते तेव्हा मळकट असते आणि नारिंगी रंग भरायला दोन-तीन वर्षे जातात. पाच महिन्यांचे पिल्लू पाहून पुढचा ओकिटी ओळखणारा पाळणारा विरळाच. ही किनार मेलॅनिनशिवाय कशी दिसते हे पाहायचे तर ‘रिव्हर्स ओकिटी’ पाहावा. तिथे तीच किनार तितकीच रुंद, पण शुभ्र.

निवडीची किंमत काय असते हे ‘ब्लडरेड’ने दाखवले. ईशान्य फ्लोरिडातल्या लालसर सापांपासून हे वाण तयार झाले. पिल्लांचे डोके करडे, ठिपके पुसट, पोट चौकटींविना. मोठेपणी साप जवळपास एकरंगी विटकरी लाल. रंगासाठी घरातल्या घरात जोड्या लावत गेल्याने सुरुवातीच्या ब्लडरेडची पिल्ले लहानखुरी आणि खाण्याच्या बाबतीत हट्टी निघू लागली. उंदराचे पिल्लू समोर ठेवले तरी तोंड फिरवत, सरडा मात्र खात. मग बाहेरचे रक्त आणावे लागले. त्यातून पिल्ले धडधाकट झाली आणि एक गोष्ट उघड झाली: नक्षी पुसणारे जनुक वेगळे आणि लाल रंग वेगळा. ज्याला एक वाण समजले जात होते, ते प्रत्यक्षात एक जनुक आणि त्यावर चढवलेली बरीच निवड होती.

पाळणाऱ्याचे वर्ष थंडीत सुरू होते. दोन-तीन महिने सापांना थंड, अंधाऱ्या जागी उपाशी ठेवतात, कारण रानातली हिवाळी सुस्ती ही प्रजननाची पूर्वतयारी असते. वसंतात नर-मादी एकत्र येतात. मादी अंडी घालण्याच्या साधारण दहा दिवस आधी कात टाकते आणि मग ओलसर शेवाळाच्या डब्यात शिरून दहा ते तीस अंडी घालते. ती २८ अंशांच्या आसपास उबवली की सुमारे दोन महिन्यांनी चामड्यासारख्या कवचावर बारीक चिरा उमटतात. पिल्लाच्या वरच्या जबड्याच्या टोकाला तेवढ्यापुरता एक दात असतो, त्याने ते कवच कापते. मग नाकाडे बाहेर काढून दिवस दिवस तसेच बसून राहते. आतला बलक अजून शोषून व्हायचा असतो. पाळणारा डब्यावर वाकतो तो याच वेळी. डोळा लाल की काळा, तेवढ्यावरून सहा वर्षांच्या बेताचा निम्मा निकाल कळतो.

पण डोळ्याला दिसते तेच निवडले जाते आणि सोबत काय आले हे नंतर कळते. ‘सनकिस्ड’ या मॉर्फच्या वाणांत ‘स्टारगेझर’ नावाचा मज्जासंस्थेचा दोष आढळला. असा साप डिवचला गेला की मान वळवत डोके उलटे, आभाळाकडे करतो आणि त्याला तोल सावरत नाही. हा दोषही अप्रभावी, त्यामुळे वाहक निरोगी दिसतात आणि दोष रंगाच्या आडून घरोघर पोचला. तो हुडकण्यासाठी ज्ञात वाहकाशी चाचणीच्या जोड्या लावाव्या लागल्या. आता टाकलेल्या कातीच्या तुकड्यावरून जनुक-तपासणी होते. बॉल पायथन या अजगराच्या ‘स्पायडर’ मॉर्फची गोष्ट अधिक बिकट. तिथे डोके डुलण्याचा दोष त्या नक्षीपासून सुटाच करता येत नाही, तरीही तो साप विकला गेला. कॉर्न स्नेकवाल्यांनी स्टारगेझर निपटण्यासाठी घेतलेली मेहनत त्या तुलनेत उठून दिसते. पाठीवर खवलेच नसलेल्या कॉर्न स्नेकबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. प्राण्याच्या अंगावरचे चिलखत उतरवून त्याला नवलाई म्हणणे हा हौसेचा अतिरेक आहे.

संकराचा प्रश्नही आहेच. ग्रेट प्लेन्स रॅट स्नेकशी संकर करून ‘क्रीमसिकल’ आला आणि ‘अल्ट्रा’ हे जनुक ग्रे रॅट स्नेककडून शिरले असे मानले जाते. अशा सापांची पिल्ले पुढे प्रजननक्षम असतात, त्यामुळे चार पिढ्यांनंतर शुद्ध कॉर्न स्नेक कोणता हे पुन्हा वहीवरच ठरते.

या हौशी वाणांचा प्रयोगशाळांना उपयोग झाला. जिनिव्हा विद्यापीठातल्या मिशेल मिलिंकोविच यांच्या गटाने २०१५ साली अ‍ॅमेलचे कारण शोधले: ओसीए२ या जनुकात डीएनएचा एक उडता तुकडा घुसून बसला आहे. माणसातल्या वर्णहीनतेच्या एका प्रकारातही हेच जनुक बिघडलेले असते. २०२० साली लॅव्हेंडरचे मूळ लिस्ट या जनुकात सापडले. माणसात ते बिघडले तर चेडियाक-हिगाशी हा गंभीर आजार होतो, पाळणाऱ्यांच्या अनुभवात लॅव्हेंडर साप मात्र इतरांसारखेच जगतात. ज्या जोड्या विक्रीसाठी लावल्या गेल्या होत्या, त्यांनीच रंगपेशींच्या आतल्या पिशव्या कशा घडतात हे दाखवले.

कायद्याची बाजू जागोजाग वेगळी आहे. बेक्टल यांच्या जॉर्जियात देशी बिनविषारी साप परवान्याशिवाय पाळता येत नाहीत, म्हणजे या छंदाच्या जन्मस्थानीच तो बंद आहे. ऑस्ट्रेलियात कॉर्न स्नेक बाळगणे गुन्हा आहे आणि केमन बेटांवर बाहेरून येऊन तो रुजला आहे. भारतात देशी सापांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे, त्यामुळे तस्करावर असले प्रयोग घरी करता येत नाहीत. परदेशी सापाची हौस मात्र चोरवाटेने येते. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटे आणि केकच्या पाकिटांत दडवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले. ते परत बँकॉकला पाठवण्याचा आदेश निघाला. पाकिटातून आलेल्या सापासोबत वही येत नाही. आई-बाप कोण, आत काय दडले आहे, स्टारगेझरची तपासणी झाली की नाही, यातले काहीही घेणाऱ्याला कळत नाही. चोरट्या बाजारात दिसतो तेवढाच रंग विकला जातो.