सातबारा कोणाचा, घाम कोणाचा?



पंतप्रधान किसान सन्मान निधीचा २,००० रुपयांचा हप्ता आपल्यापैकी अनेकांच्या खात्यात वर्षातून तीनदा जमा होतो. ही योजना २०१९ साली सुरू झाली. २०२३ पासून आपले राज्यही वर्षाला आणखी ६,००० रुपये देते. बी-बियाणे, खते यांच्या खर्चाला हातभार लागावा, हा केंद्राच्या योजनेचा हेतू आहे.

मात्र पैसे मिळतात ते सातबाऱ्यावरच्या नावाला. वाट्याने जमीन कसणाऱ्याचे नाव तेथे नसते. कुळ लागेल या धास्तीने मालक कागद करत नाही. मग हप्ता मालकाला मिळतो आणि खताचा निम्मा किंवा सगळा खर्च वाटेकरी उचलतो.

मालकाने चोरी केली का? नाही. तो निकषांत बसत असेल, तर कायद्याने पैसा त्याचाच. पण संत थॉमस अक्वायनस देवघेवीच्या न्यायाबरोबर वाटपाचाही न्याय सांगतात. समाजाच्या साठ्यातले ज्याला जे योग्य, ते त्याला मिळावे. सरकारला यादी दिसते. यादीबाहेर राहिलेला माणूस आपल्याला बांधावर दिसतो, म्हणून आपली जबाबदारी वाढते.

कोणी म्हणेल, ‘सरकारची उणीव आम्ही का भरावी?’ आम्हाला वाटते, खतासाठी आलेला पैसा खत घालणाऱ्यापर्यंत पोचावा, एवढेच. सुगीचा हिशेब करताना ज्याने जितका खर्च उचलला, तितका हप्त्यातला वाटा त्याला द्यावा. त्याला दान म्हणू नये. ते त्याचे देणे आहे.