बुंध्याशी खत



लूककृत शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायातला अंजिराच्या झाडाचा दाखला आपल्या कानांवरचा आहे. तीन वर्षे फळ नाही, तेव्हा मालक म्हणतो, तोडून टाका. माळी एका वर्षाची मुदत मागतो. बुंध्याभोवती खणून खत घालतो, म्हणतो. या दाखल्यावर आम्ही धर्मगुरू देवाच्या धीराविषयी पुष्कळ बोलतो, खताविषयी मात्र कधीच नाही. आज खताविषयीच बोलू, कारण आपल्यातल्या कित्येक घरांत दूध संस्थेचे दहा दिवसांचे बिल हाच हक्काचा पैसा आहे. मुलांची फी आणि डॉक्टरचे पैसे त्यातूनच निघतात.

जनावर वैरण-पेंडीतून जेवढे नत्र खाते त्याचा साधारण चौथा हिस्सा दुधात उतरतो. बाकीचे बरेचसे शेणामुतातून बाहेर पडते. मूत शेणात मिसळले की काही तासांतच अमोनिया सुटू लागतो. पहाटे धारेला बसल्यावर डोळे चुरचुरतात ते यानेच. काही नत्र गटारातून ओढ्याला आणि पुढे पंचगंगेला जाते व जलपर्णीला पोसते. (नदीच्या दुखण्यात शहरांचे सांडपाणी आणि कारखाने यांचा वाटा मोठा आहे, हे खरेच, पण म्हणून आपले गटार सुटत नाही.) उकिरड्यातून नायट्रस ऑक्साइडही निघतो. वजनास वजन धरले तर तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 270 पट उष्णता वाढवतो. आणि एवढे घालवून आपण उसासाठी युरियाची गोणी विकत आणतो!

हुपरीत चांदीच्या कारखान्यातली झाडलेली धूळसुद्धा कोणी फेकत नाही. तिच्यातूनही चांदी काढतात. गोठ्याची धूळ मात्र आपण सोडून देतो. संत ऑगस्टीन शिकवतात की वाईट ही स्वतंत्र वस्तू नाही, चांगल्याची उणीव आहे. सेमिनरीत हे फार अवघड वाटायचे, गोठ्यात सहज कळते. नत्र वाईट नाही, ते आपल्या जागी नाही एवढेच.

नेदरलँड्समध्ये हा प्रश्न हाताबाहेर गेला. लहानसा देश, गाईगुरे फार, पेंड बाहेरून आणलेली. मे 2019 मध्ये तिथल्या न्यायालयाने सरकारची नत्रविषयक परवाना योजना रद्द ठरवली, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये शेतकरी हजारो ट्रॅक्टर घेऊन हेगमध्ये उतरू लागले. 2022 मध्ये 2030 पर्यंत उत्सर्जन निम्मे करण्याचे ठरले, त्यासाठी गोठे विकत घेऊन बंद करण्याचीही भाषा आली. ती मालकाची भाषा, तोडून टाका. ‘काही बदलायचे नाही’ ही हट्टाची भाषाही माळ्याची नव्हे. तो खणायला तयार होता. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टीचे दुःख आणि गरिबाचे दुःख एकत्र ऐकायला सांगितले, ते याचसाठी.

दोन म्हशींच्या घराला कोणी ‘एक विका’ म्हणू नये. खणण्याची कामे लहान आहेत. गोठ्याला उतार देऊन मूत वेगळ्या टाकीत घ्यावे, नाहीतर पाचटात मुरवावे. उकिरडा झाकावा. बायोगॅसची स्लरी उघड्यावर न ठेवता मातीआड करावी. पेंड गरजेपुरतीच द्यावी, जादा प्रथिने मुतातूनच जातात. आणि जेवढे शेणखत पडले तेवढा युरिया कमी टाकावा. नाहीतर नत्र पुन्हा वाहूनच जाणार.

खरी अडचण वेगळीच आहे. गावठाणात राहणाऱ्या पुष्कळांकडे म्हैस आहे, गुंठाभर जमीन नाही. त्यांनी खत घालायचे कुठे? आम्हांला वाटते, हे काम धर्मग्रामाचे आहे. येत्या रविवारी मिस्सानंतर, ज्यांना शेत आहे आणि ज्यांना फक्त गोठा आहे अशा दोघांनीही थोडे थांबावे. कोणाचे शेणखत कोणाच्या उसाला जाईल, त्याचे काय द्यायचे आणि ट्रॅक्टर कोणाचा, ते बसून ठरवू. धारा काढणाऱ्या भगिनींनी अवश्य थांबावे; गोठ्याचा हिशेब त्यांनाच ठाऊक असतो.