बुडालेल्या धबधब्याचं सुतक

राफ्ट उलटली तर काय करायचं हे गाईडनं काठावरच तीनदा बजावलं होतं. पाय प्रवाहाच्या दिशेनं पुढे, गुडघे किंचित वाकवलेले, आणि उभं राहायचा प्रयत्न चुकूनही करायचा नाही. युगांडातल्या जिंजाजवळ, नाईल व्हिक्टोरिया सरोवरातून नुकतीच बाहेर पडते तिथे, आमची राफ्ट दुसऱ्याच रॅपिडला उलटली. नाकातोंडात पाणी गेलं, हेल्मेटवर कुणाचं तरी वल्हं आदळलं, आणि मी वर आलो तो मोठमोठ्यानं हसत.

पुढच्या संथ पट्ट्यात गाईड म्हणाला, "खरी मजा वर होती. ती आता पाण्याखाली आहे." वर बुजागालीचे धबधबे होते. २५० मेगावॅटचं धरण २०१२ मध्ये सुरू झालं आणि ते बुडाले. २०१९ मध्ये खालच्या बाजूला इसिंबाचं १८३ मेगावॅटचं धरण आलं, तेव्हा आणखी काही रॅपिड्स गेले. मी हळहळलो. एवढी सुंदर नदी, आणि यांनी तिचं तळं करून टाकलं!

संध्याकाळी जिंजातल्या गेस्टहाऊसमध्ये मोबाईल चार्जिंगला लावताना तीच हळहळ मालकीणबाईंना ऐकवली. त्यांनी शांतपणे विचारलं, "तो चार्ज होतोय ना?" मग म्हणाल्या, "दिवे आले. बिलंही आली. पण तुम्हाला वाईट कशाचं वाटतंय?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही.

त्यांच्याकडूनच कळलं, की धबधब्यावर काही पोरं पिवळा प्लास्टिकचा कॅन कवटाळून पाण्यात झोकून द्यायची आणि पर्यटकांकडून पैसे घ्यायची. त्यांचा तो धंदा बुडाला. बुसोगा लोकांच्या श्रद्धेप्रमाणे बुजागालीत एका दैवताचा वास होता. धरणाआधी त्या दैवताला दुसरीकडे हलवण्याचे विधी झाले, आणि ते खरंच हललं का यावरून वादही. बुजागालीच्या मोबदल्यात खालचा कालागाला धबधबा राखायचा, असा करार सरकार आणि जागतिक बँकेत झाला होता. एक धबधबा गेला, दुसरा ठेवला, हिशेब पूर्ण.

रात्री हाच हिशेब डोक्यात घोळत राहिला. एकाच्या बदल्यात दुसरा चालेल, हे कुणाच्या बाबतीत खरं आहे? माझ्या. मला बुजागालीच हवा होता असं नाही. मला पाचव्या श्रेणीचं खवळलेलं पाणी हवं होतं. ते इथे मिळालं नाही, तर झांबेझीवर मिळेल. ज्याचं दैवत त्याच खडकांत आहे, त्याला दुसरा धबधबा दाखवणं म्हणजे आई गेलेल्याला मावशी दाखवण्यासारखं आहे. म्हणजे करारातला हिशेब सगळ्यात चपखल बसत होता तो मला, आणि सगळ्यात मोठ्यानं रडत होतो मीच.

मग कोलाड आठवलं. कॉलेजात असताना आम्ही कुंडलिकेवर राफ्टिंगला गेलो होतो. सकाळी पाणी सुटेपर्यंत काठावर पोहे खात वाट पाहिली. ते पाणी येतं भिऱ्याच्या वीजकेंद्रातून, आणि तिथे येतं मुळशीच्या धरणातून. त्याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळातले शेतकरी सत्याग्रहाला बसले, आणि पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. लढा हरला, जमिनी पाण्याखाली गेल्या. शाळेत हे परीक्षेपुरतं वाचलेलं होतं. तरी त्या पाण्यावर आरडाओरडा करत तरंगताना आमच्यापैकी एकाच्याही मनात मुळशी आली नाही. जिंजात धरणानं माझा खेळ मोडला म्हणून मला नदी आठवली. कोलाडला धरणानंच खेळ मांडला होता, म्हणून माणसंसुद्धा आठवली नाहीत.

म्हणून धरण चूक होतं असं मी म्हणू शकत नाही. विजेशिवाय दवाखाना चालवून बघा, असं मला कुणीही सुनावेल आणि ते बरोबरच असेल. पण 'बहुतेकांचं भलं' मोजताना सगळ्यांचं नुकसान एकाच तराजूत घालता येतं, हे मला आता पटत नाही. ज्याला पर्याय आहे त्याचं नुकसान भरून देता येतं. ज्याला पर्यायच नाही त्याला भरपाई देता येते, पण भरपाई दिली म्हणजे नुकसान भरून निघालं असं नाही. निदान निर्णयाआधी त्याला पहिल्यांदा विचारायला हवं, आणि तो 'नाही' म्हणाला तर ते ऐकायची तयारी ठेवून विचारायला हवं. उत्तर आधीच ठरलेलं असेल, तर विचारणं हा नुसता उपचार.

सकाळी निघताना मालकीणबाईंनी पुन्हा विचारलं, "मग, नदी आवडली का?" मी 'हो' म्हणालो. ते खरंच होतं. पण कुठल्या नदीबद्दल बोलतोय, हे सांगायला मी थांबलो नाही.